इंजिन बांधा, पण माप घेऊन

मे २००५ मध्ये टाटा एस रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘छोटा हत्ती’. दोन सिलिंडर, ७०२ सीसी आणि १६ अश्वशक्तीचं ते डिझेल इंजिन पाऊण टनाचा माल गल्लीबोळातून ओढू लागलं. पुढच्या दोन दशकांत देशात वीस लाखांहून जास्त ‘एस’ विकल्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग इतर कंपन्यांचे मिनी ट्रकही आले. नारायणगावच्या टोमॅटोपासून पुण्याच्या मार्केट यार्डातल्या पोत्यांपर्यंत आणि मंडपाच्या बांबूंपासून घर बदलणाऱ्याच्या कपाटापर्यंत सगळं या गाड्यांवर चालतं. त्यातल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांना आता पंधरा-वीस वर्षं झाली. इंजिन थकलं की मालकासमोर तीन रस्ते असतात: आहे ते इंजिन बांधून घ्यायचं, जुन्या बाजारातून दुसरं आणून चढवायचं, किंवा गाडी काढून नवी कर्जावर घ्यायची. हा निर्णय आज बहुतेक वेळा कानावर आणि अंदाजावर होतो. माझं मत असं की चेसिस आणि बॉडी धड असेल, तर इंजिन बांधून घेणं हाच सर्वांत शहाणा रस्ता आहे. मात्र ते काम मापावर झालं पाहिजे आणि ती मापं मालकाच्या हातात लेखी पडली पाहिजेत.

मुळात इंजिन खरोखर गेलंय का, हे आधी ठरायला हवं. गाडी ओढत नाही, धूर मारते, तापते, एवढ्यावरून ‘इंजिन काम निघालं’ असा निकाल सर्रास दिला जातो. पण काळा धूर बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा बिघडलेल्या नोझलमुळे येतो, आणि ते काम इंजिन न उतरवता होतं. गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर आणि कमी होत जाणारं कुलंट हेड पॅकिंगकडे बोट दाखवतं. निळा धूर, पट्टीवर उतरत जाणारं ऑइल आणि ऑइलचं झाकण उघडताच धपधप बाहेर येणारी बॅक ही रिंगा-बोअर झिजल्याची लक्षणं. त्यांची खात्री कॉम्प्रेशन गेज काही मिनिटांत करून देतं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं आणि दुसऱ्याचं पडलेलं असेल, तर दोष कुठे शोधायचा हेही कळतं. याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे इंजिन गेलं कशामुळे. कुलंटऐवजी बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी भरल्याने रेडिएटर चोक झाला असेल, फॅन नीट फिरत नसेल किंवा पाऊण टनाच्या गाडीवर रोज दीड टन चढत असेल, तर नवं कोरं इंजिनही त्याच वाटेने जाईल. कारण तसंच ठेवून केलेल्या इंजिन कामात पैसा दोनदा जातो.

आता मापाचं बघू. झिजलेल्या सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ बोट फिरवलं तर नखाला एक बारीक पायरी लागते. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे ही पायरी तयार होते. तिच्या खालचा भाग रिंगांनी खाल्लेला असतो, वरचा तसाच राहिलेला असतो. शिवाय पिस्टनचा दाब दोन बाजूंना जास्त पडत असल्यामुळे गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. हे डोळ्यांना दिसत नाही, बोअर गेजला दिसतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, दरवेळी दोन दिशांनी, अशी सहा मापं घ्यावी लागतात. दोन सिलिंडरची मिळून बारा. त्यानंतर मायक्रोमीटरने क्रँकची जर्नलं मोजायची, हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज सरकवायचा आणि हेड वाकलंय का ते पाहायचं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑइलचा थर राहण्यासाठी लागणारी फट याच मापाच्या आसपास असते. ती कमी पडली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर ऑइलचं प्रेशर पडतं. म्हणून हातानेच अंदाज घेऊन ‘चालेल’ म्हटलेलं इंजिन सहा महिन्यांत परत खोलावं लागतं. आपल्याकडचा सगळ्यात महागडा शॉर्टकट म्हणजे अंडाकृती बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं. गोल रिंग अंडाकृती भिंतीला सगळीकडून टेकूच शकत नाही. धूर काही दिवस थांबतो आणि मग पूर्वीसारखाच येतो.

या गाड्यांच्या बाबतीत पुनर्बांधणीचा पर्याय इतका मजबूत का, याचं उत्तर त्यांच्या रचनेत आहे. ‘एस’चं मूळ इंजिन म्हणजे इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाचा निम्मा भाग. ७५ मिलिमीटरचा बोअर आणि ७९.५ मिलिमीटरचा स्ट्रोक दोन्हींत तोच. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवणं, ब्लॉकमध्ये स्लीव्ह टाकून मूळ मापावर आणणं, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालणं ही कामं महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी नेहमीची आहेत. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, त्यामुळे ब्लॉक तोच राहिला की कागदपत्रांना हात लावावा लागत नाही. पैशाचं गणितही बोलकं आहे. नव्या गाडीसाठी चार लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता दहा हजार तीनशेच्या पुढे जातो आणि एकूण परतफेड पाच लाखांच्या घरात. संपूर्ण इंजिन कामाला साठ हजार लागले असं धरलं तरी ते सहा हप्त्यांत फिटतात. पुढची बेचाळीस महिन्यांची हप्त्याची रक्कम मालकाच्या घरात राहते. २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या, हे खरं. पण त्याच फेररचनेत सुट्या भागांवरचा करही सरसकट १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे इंजिन कामाचं पारडं हलकं झालेलं नाही. चेसिस गंजलेली असेल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलही आवाज करत असेल, तर मात्र गाडी काढलेलीच बरी.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. इंजिन बांधायला आठ-दहा दिवस जातात, तेवढे दिवस धंदा बंद. बाजारातलं तयार इंजिन दोन दिवसांत चढतं. रोजच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे. पण बाजारातल्या इंजिनाचा इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. ते अपघातातल्या गाडीचं असेल तर चांगलं निघेल, तापून गेलेल्या गाडीचं असेल तर मालकाने दुसऱ्याचं दुखणं विकत घेतलं. शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल मंजुरीविना झाला असेल, तर तो चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. ती नोंद न करता गाडी पळवणाऱ्याची अडचण होते ती अपघातानंतर, विम्याचा सर्व्हेअर नंबर ताडून पाहतो तेव्हा. बदलूनच घ्यायचं असेल, तर जुनं इंजिन देऊन कंपनीने पुन्हा बांधलेलं वॉरंटीसह घेणं जास्त सुरक्षित. टाटा मोटर्सचा ‘प्रोलाइफ’ उपक्रम याच धर्तीचा आहे. पुन्हा बांधलेलं इंजिन स्वतः उत्पादकच विकतो, ही पुनर्बांधणीच्या बाजूने मोठी साक्ष आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुनी डिझेल इंजिनं जिवंत ठेवून आपण शहरांची हवा बिघडवतो. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू आहे, विजेवर चालणारे मिनी ट्रक आलेत, मग जुन्यांना मुदतवाढ कशाला? इंजिन बांधल्याने जुनी गाडी भारत स्टेज ६ ची होत नाही, हे स्वच्छ मान्य करायला हवं. दाट वस्तीत दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीसाठी विजेचा पर्याय आजच योग्य असेल. पण वस्तुस्थिती अशी की हप्ता न झेपणारा मालक नवी गाडी घेत नाही. तो तीच गाडी ऑइल जाळत चालवत राहतो. आपल्यासमोरची खरी निवड बहुतेक वेळा निळा धूर सोडणारी जुनी गाडी आणि मापात बांधलेली जुनी गाडी यांच्यात असते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ती तपासणी प्रामाणिक झाली, तर जी गाडी निकषात बसत नाही ती आपोआप बाहेर पडेल. वयाकडे बोट दाखवून सगळ्यांना एकाच फुलीने खोडण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप गॅरेजमधून येतो: मेस्त्रीचा हात तीस वर्षं बसलेला आहे, त्याला कागद कशाला? त्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे. आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय हे सांगणारी माणसं महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत आणि त्यांच्यामुळेच ही वाहतूक चालू आहे. पण मापाचा कागद मेस्त्रीवरच्या अविश्वासातून येत नाही, तो त्याचंही रक्षण करतो. बोअर किती होता, किती केला, क्रँक कुठल्या साइजवर गेला, पार्ट कुठल्या बनावटीचे, हे लिहिलेलं असेल तर मालकाने ओव्हरलोड करून जाळलेल्या इंजिनाचा ठपका त्याच्यावर बसत नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ शिकणाऱ्या मुलांना ही मापं घ्यायला शिकवतात. ती मुलं गॅरेजात आली की मात्र मायक्रोमीटर कपाटात राहतो, कारण माप मागणारं गिऱ्हाईकच नसतं.

म्हणून सुरुवात मागणीपासून व्हायला हवी. बँकांनी आणि पतसंस्थांनीही यात हात द्यावा. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मापाचा कागद आणि पक्कं बिल जोडलेल्या इंजिन कामाला ते सहज मिळालं, तर दागिने गहाण ठेवून इंजिन बांधण्याची वेळ येणार नाही. मालकांना माझं सांगणं एवढंच आहे. इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशनचे आकडे मागा. इंजिन खोलल्यावर बोअरची बारा मापं तुमच्यासमोर घ्यायला सांगा. काम झाल्यावर ती मापं बिलावर लिहून घ्या आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. पहिले हजार किलोमीटर अर्ध्या लोडवर चालवा आणि मेस्त्री सांगेल तेव्हा ऑइल बदला. ज्या गाडीवर घराची चूल पेटते, तिच्या पोटात काय घातलंय हे लेखी माहीत असणं हा तुमचा हक्क आहे; तो मागून घ्या.