आधी उपचार, मग चौकशी : घरातच दुर्लक्षित राहिलेल्या रुग्णाचे काय?

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून आम्हाला सायंकाळी फोन आला. फोन करणारा तरुण तिथल्या विहार समितीत काम करतो. त्याच्या शेजारच्या घरात लकवा मारलेले एक आजोबा होते. मुलगा-सून पहाटे वेचणीला जात आणि अंधार पडल्यावर परतत. आठवडाभरापासून घरातून वास येत होता. दोन दिवसांपासून आजोबांची हाक ऐकू येणे बंद झाले होते. हे अख्ख्या ओळीला ठाऊक होते. मग कोणी आत का गेले नाही? उत्तर ठरलेले होते : "त्यांच्या घरचा मामला हाय, आपन काऊन पडाचं मंधात?"

आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबांच्या कमरेखाली तळहाताएवढी जखम होती. अंगात ताप होता, ओठ सुकलेले होते, हाक मारली की डोळे अर्धवट उघडत. १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत अंगणात तीन प्रश्नांवर वाद सुरू होता : सही कोण करणार, पैसे कोण देणार आणि दोष कोणाचा. त्यांनी शेवटचे पाणी कधी प्यायले, हे मात्र कोणीच विचारत नव्हते.

त्या घराची ओळख पटेल असे काही आम्ही इथे लिहिणार नाही. पण असे घर आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत आहे. म्हणून या तीन प्रश्नांचा क्रम काय असावा, याचा विचार बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी करायला हवा असे आम्हाला वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : आधी उपचार, मग चौकशी आणि त्यानंतर सेवेची वाटणी. हा क्रम चुकला की रुग्ण मरतो, नाहीतर घर मोडते.

परवानगीची वाट पाहू नका

जीव धोक्यात असलेल्या माणसासाठी १०८ ला फोन करायला घरच्यांची परवानगी लागत नाही. शेजारी, आशाताई, विहारातला कार्यकर्ता, कोणीही फोन करू शकतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. घरातले लोक अडवत असतील तर ११२ वर पोलिसांना कळवता येते.

दवाखान्यात "सोबत नातेवाईक कोण?" हा प्रश्न येतोच. तो विचारणे चूक नाही. पण त्याच्या उत्तरावर तातडीचा उपचार अडवून ठेवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. कायदेशीर सोपस्कार नंतर. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात हाच मुद्दा गरिबाच्या बाजूने आणखी पुढे गेला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने हा संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. संविधानाचे नाव आपण सभेत घेतो. कॅज्युअल्टीच्या दारातही ते घेता आले पाहिजे.

रुग्ण मानसिक आजाराचा असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याच्या कलम ९४ नुसार जिवाला धोका असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. कलम १०१ आपल्या कामाचे आहे. घरात ठेवलेल्या मनोरुग्णाचा छळ होतो किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष होते असे वाटल्यास ठाणेदाराने ते दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवायचे असते. साखळीने बांधलेला मुलगा किंवा कोंडलेली बहीण हा म्हणूनच केवळ घरचा मामला राहत नाही.

आता तातडी ओळखायची कशी? रुग्ण नेहमीपेक्षा सुस्त आहे, असंबद्ध बोलतो, हाकेला उत्तर देत नाही. दिवसभरात लघवी झालेली नाही. पाठीच्या किंवा कमरेच्या जखमेला वास येतो आणि ताप आहे. पडल्यापासून उठता येत नाही. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा फिटची गोळी बंद पडली आहे. यातले एकही लक्षण दिसले तर उद्याची वाट पाहू नये. सुस्त माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा. घरातल्या गोळ्यांची पाकिटे, जुन्या चिठ्ठ्या, आधार कार्ड आणि रेशन कार्ड पिशवीत घ्या. शेवटचे खाणे-पिणे कधी झाले ते कागदावर लिहा.

आणि मोबाईल खिशात ठेवा. हे आम्ही आपल्याच कार्यकर्त्यांना सांगतो आहोत. उघड्या जखमेचा व्हिडिओ ग्रुपवर टाकल्याने रुग्णाची अब्रू जाते, सुनेवर गाव तुटून पडते आणि उपचार एक मिनिटही लवकर होत नाही. पुरावा हवा असेल तर डॉक्टरांच्या नोंदी पुरेशा आहेत.

दोषी ठरवण्याची घाई

रुग्ण दवाखान्यात पोहोचला की गावाचा राग घरच्यांवर निघतो. इथे आपल्याला स्वतःचाच इतिहास आठवला पाहिजे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यांची शेवटची वर्षे ज्यांनी सेवेत काढली, त्या डॉ. सविता आंबेडकर म्हणजे माईसाहेबांवरच संशय घेतला गेला. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी कुजबुज थांबली नाही. २००३ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत अनेकांनी त्यांना माफ केले नव्हते, आणि मुळात माफ करण्यासारखे काय होते हेही कोणी सांगितले नव्हते. सेवा करणाऱ्या बाईला आधी आरोपी करायचे आणि मग पुरावा शोधायचा, ही चूक आपल्या समाजाकडून एकदा झालेली आहे.

म्हणून दुर्लक्षाचे प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. एक, ज्यांना सांभाळायचे आहे पण जमत नाही. दुसरे, ज्यांना जमते पण ते टाळतात. तिसरे, जे शेत, घर किंवा पगारावर डोळा ठेवून जाणूनबुजून उपाशी ठेवतात. आमच्या कामात पहिला प्रकार सर्वात जास्त दिसला. त्या आजोबांच्या सुनेने आम्हाला जे सांगितले ते असे होते : "दादा, मी घरी बसली त चूल बंद हुते. मी वावरात गेली त बुढा उपाशी राह्यते." तिला कोणी जखम धुवायला शिकवले नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते हेही तिला माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी वेचणीच्या वावरातून दर दोन तासांनी ती घरी कशी येणार होती?

श्रावणबाळ योजनेची मदत २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली. दिवसाचे ५० रुपये. त्यात औषध, ड्रेसिंगचे सामान आणि जेवण बसवायचे. ज्या घरात मजुरी हेच उत्पन्न आहे, तिथे अंथरुणाला खिळलेला माणूस म्हणजे एका कमावत्या हाताची सुट्टी. आणि तो हात जवळपास नेहमी बाईचा असतो. सेवा ही घराची जबाबदारी आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती सुनेची किंवा मुलीची जबाबदारी आहे, एवढेच आपल्याला म्हणायचे असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ६० वर्षांवरील माणसाला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाह मागता येतो. तो स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेले शेत किंवा घर, सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली परत मिळवता येते. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पैसे घेऊन ठेवलेला मदतनीस असहाय रुग्णाला सोडून गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ लागू होऊ शकते. रुग्ण अपंग असेल आणि त्याचा छळ होत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. पण हे सगळे दुसऱ्या पायरीचे काम आहे. पहिल्या पायरीवर स्ट्रेचर लागते.

बुद्धांनी लावलेला क्रम

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग येतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. बुद्ध आणि आनंद तिथे येतात. बुद्ध पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात. त्यानंतर बुद्ध भिक्खूंना एकत्र बोलावून विचारतात की याची सेवा का झाली नाही. उत्तर मिळते की हा संघाच्या काही कामाचा नव्हता. उपयोग नाही म्हणून सेवा नाही, हा हिशेब अडीच हजार वर्षे जुना आहे आणि आजही आपल्या ओसरीवर चालतो.

यावर बुद्धांनी कोणाला हाकलून दिले नाही. घर सोडून आलेल्यांना आई-बाप नाहीत, तेव्हा एकमेकांना पाहायचे ते तुम्हीच, असे त्यांनी समजावले आणि नियम घालून दिला. आजारी भिक्खूला आचार्य असेल तर आचार्याने, शिष्य असेल तर शिष्याने सेवा करायची; कोणीच नसेल तर संघाने. संघाने केली नाही तर तो संघाचा दोष. आधी अंग धुतले, मग चौकशी केली, मग जबाबदारी वाटून दिली. रुग्णाच्या चांगल्या सेवकाचे गुण सांगतानाही मलमूत्राची किळस न वाटणे हा एक गुण मोजला आहे. ज्या देशात घाण काढण्याचे काम जातीवर लादले गेले, तिथे या गुणाचा अर्थ केवढा मोठा आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

जिल्ह्याकडे पाहू

आपल्या जिल्ह्याला सेवेचा इतिहास आहे. १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून स्वतः मालिश केली. गांधीजींशी आपले १९३२ पासूनचे मतभेद आहेत आणि ते झाकायचे कारण नाही. या प्रसंगातून घ्यायचे ते वेगळेच. एका मोठ्या माणसाची सेवा त्या माणसाबरोबर संपते. शास्त्रींची अखेर मात्र दत्तपूरला झाली, जिथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभी केली होती. म्हणजे शेवटी उपयोगी पडली ती संस्था.

मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग यांचे उदाहरण तसेच आहे. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्या अंथरुणावर होत्या. त्यांना सांभाळले ते रुग्णालयातल्या परिचारिकांनी, पिढ्यान्‌पिढ्या, आळीपाळीने. एवढ्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. एका सुनेला चार महिन्यांत जे जमले नाही ते अनेक हातांना चार दशके जमले.

वर्धा शहराजवळ सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालये आहेत. आष्टी-कारंजाकडून अंतर पडते हे खरे. पण आम्ही पाहिलेल्या प्रकरणांत सर्वात जास्त वेळ गेला तो खाटेपासून अंगणापर्यंतच्या दहा पावलांत.

ती दहा पावले विहार समिती चालू शकते. गावात अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे आणि मानसिक आजाराचे रुग्ण किती, याची यादी करावी. ती भिंतीवर लावू नये, दोन जबाबदार माणसांकडे ठेवावी. आठवड्यातून दोनदा कोणीतरी आत जाऊन रुग्णाशी बोलावे. कूस बदलणे, जखम धुणे, लघवीची नळी सांभाळणे हे आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून शिकून घ्यावे, आणि शिकणाऱ्यांत तरुण मुलगे असावेत. हे काम पुन्हा महिला मंडळावर ढकलू नये. वेचणी-सोंगणीच्या दिवसांत दुपारच्या पाळ्या लावाव्यात. १०८ आणि ११२ सोबत ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावेत. रुग्णाला सुट्टी मिळण्याच्या दिवशीच घरी कोण काय करणार हे ठरवावे. नाहीतर महिन्याभरात तोच रुग्ण त्याच जखमेसह परत जातो.

ते आजोबा वाचले. दवाखान्यातून घरी आल्यावर दुपारी दोन मुले पाळीने जात, एक बारावीचा आणि एक बेरोजगार इंजिनिअर. सून वेचणीला जात राहिली. आजोबा आणखी चार महिने जगले आणि स्वच्छ अंथरुणात गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतले सगळे आले होते. त्यातले बरेच जण तेच होते, जे त्या सायंकाळी अंगणाबाहेर उभे होते.