आरमोरीत दुखण्यावर इलाज शिकलेला डॉक्टर द्या!

सिकलसेलचं पोर रात्री हातपाय आवळून ओरडतं, तेव्हा अंगावर जखम दिसत नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांना प्राणवायू पोचत नाही आणि कळा सुटतात. ज्या डॉक्टरला हे नीट शिकवलेलंच नाही, त्याला ते पोर नाटकी वाटतं. असा रुग्ण दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात त्याला वेदनाशामक मिळावं, दुखणं तीव्र असेल तर मॉर्फिनसारखं, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. पण कळ सुटलेल्या रात्री काय?

दुसरं दुखणं खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं. त्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण नागपूरहून उपचार संपवून गावी परततो. पुढचे महिने घरच्यांनी नुसतं बघत बसायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितलं, की कर्करोगाच्या तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायचं मॉर्फिन ठरल्या वेळी द्यावं. ज्या अफूपासून ते बनतं, ती आपल्याच देशात, नीमच-मंदसौरच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. अट अशी, की वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर रुग्णालयात हवा.

म्हणजे सगळं अडतं ते प्रशिक्षणापाशी. ‘सवय लागेल’ ही भीतीही तिथेच जाते, कारण मात्रा कशी वाढवायची, बद्धकोष्ठ कसं टाळायचं, श्वासावर लक्ष कसं ठेवायचं, हे शिकलेला डॉक्टर घाबरत नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचा एक छोटा दवाखाना उघडला. तिथून ही सेवा गावागावांत पोचली आणि २००८ मध्ये राज्याचं धोरण झालं. गडचिरोलीत ते का होऊ नये?

जिल्ह्यातल्या आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या किमान दोन डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे प्रशिक्षण द्या, मान्यतेचा अर्ज करा, मॉर्फिनच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवा. गडचिरोलीच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पुस्तकापुरतं नको, रुग्णाच्या खाटेशी उभं करून शिकवा. प्रत्येक ग्रामसभेने येत्या बैठकीत हा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावी.