दिवा छोटा, यतना मोठी



चातुर्मासात उघड्या ज्योतीवर किडे येऊन पडतात, म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी बॅटरीचे छोटे एलईडी दिवे आले. दिवाळीत तर नाशिकच्या बाजारात त्यांचे ढीगच असतात. दिवे वापरण्याला माझी काहीच हरकत नाही. पण ‘आग नाही म्हणजे धोका नाही’ असं आपण धरून चालतो, ते मला पटत नाही. ज्या दिव्याचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, तो दिवा लहान मूल असलेल्या घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सांगते. या दिव्यांत बहुधा नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यातला नेहमीचा सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा. रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलसरपणामुळे तिथे वीज वाहू लागते, तीव्र क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. दिवा पेटवू न शकणारा ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. मूल कधी लाळ गाळतं, खायला नको म्हणतं; कधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जायचं. उलटी करवायची नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सूचनांत एक वर्षावरच्या मुलाला वाटेत मध द्यायला सांगतात. आपल्या घरात मध नसतो, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये, हेही त्याच सूचनांत आहे.

खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. लहान सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडू नये, हा खेळण्यांच्या सुरक्षेतला नियमच आहे. पण शोभेचा दिवा खेळण्यात मोडत नाही. मुलाला मात्र हा फरक कुठे कळतो? मग तो आपणच पाहायला हवा. घेताना दिवा उलटा करा, स्क्रू नसेल तर दुकानदाराला परत द्या. दहा जणींनी परत केला की तो पुढच्या वेळी दुसरा माल आणेल.

दुसरी गोष्ट घरी केलेल्या दिव्यांची. नातवंडांच्या शाळेच्या प्रोजेक्टला किंवा आकाशकंदिलाला मुलं एलईडी थेट चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडतात. एलईडी क्षणात जळतो, कधी फुटतोही. एलईडी स्वतःहून हात आखडता घेत नाही, मिळेल तेवढा प्रवाह ओढतो. चपट्या सेलची ताकदच कमी, म्हणून तिथे निभावतं. बाकी ठिकाणी मध्ये रेझिस्टर हवाच.

हिशेब आपल्या जमाखर्चासारखाच आहे. तीन पेन्सिल सेल म्हणजे जमा ४.५ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीचा खर्च सुमारे ३. शिल्लक १.५ व्होल्ट. प्रवाह १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर ठेवायचा, तर १.५ भागिले ०.०१५ म्हणजे १०० ओहम. लाल एलईडीचा खर्च सुमारे २ व्होल्ट, म्हणून तिथे १६७ येतात. १८० ओहमचा घ्यावा. ९ व्होल्टला पांढऱ्यासाठी ४०० येतात, तिथे ४७० चा चालतो. उत्तराच्या जवळचा मोठा आकडा घ्यायचा, लहान नाही. एलईडीचा लांब पाय अधिक टोकाकडे, आणि प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर. जुन्या मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. तिची टोकं एकमेकांना चिकटली तर आग लागू शकते.

सेल ठेवण्याचीही पद्धत हवी. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं वरच असतात. चाव्या-टाचण्यांच्या खणात ती पडली तर तापते, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावावी. वापरलेले चपटे सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून उंच ठिकाणी ठेवावेत आणि घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावेत.

चालताना, बसताना, जेवताना यतना ठेवा, असं दशवैकालिकात सांगितलं आहे. किड्याचा जीव वाचावा म्हणून आपण ज्योत सोडली. मग घरातल्या बाळासाठी एक स्क्रू तपासणं जड नाही. पर्युषणाची साफसफाई काढाल तेव्हा कपाटातले सगळे दिवे एकदा उलटे करून पाहा. झाकण सैल असेल त्यातला सेल त्याच दिवशी काढा.