सही करण्याआधी वाचलंत का?

जून आला की घराघरांत शाळेची नवी डायरी येते. माझी भाची यंदा दुसरीत गेली. डायरीच्या पहिल्याच पानावर नियम : उशीर चालणार नाही, युनिफॉर्म नीट हवा, गृहपाठावर पालकांची रोज सही हवी. खाली ‘आम्हाला मान्य आहे’. ताई ऑफिसात, म्हणून न वाचताच सही मीच ठोकली!

शिस्त हवीच. वर्गभर पोरं सांभाळणं खायचं काम नाही. पण शाळेने काय पाळायचं, ते पान कुठाय? शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ मारण्यावर आणि मानसिक छळावरही बंदी घालतं. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको. म्हणजे २० किलोच्या पोराला फार तर २ किलो. आणि दुसरीपर्यंत गृहपाठच नको! मग मी सही केली ती कशावर?

महापालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. बोलायला जागा आहे, बोलत कुणी नाही.

आपल्यातले कितीतरी जण धाकट्यांच्या पालकसभेला जातात. यंदा मागच्या बाकावर रील्स बघत बसू नका. बाईंशी भांडायचं नाही, फक्त विचारायचं : दोघांनी पाळायचे नियम एकाच पानावर का नकोत?