नकली आवाजाचा आरोप

लग्नाच्या आदल्या रात्री अकोल्यात एका नातेवाइकांकडे गाण्याची बैठक होती. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेला विशीतला एक मुलगा. त्याच्या पायाशी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. गिटारची वायर पेटीत आणि पेटीची वायर थेट मिक्सरमध्ये. मुलगा सुरेख वाजवत होता. बैठक संपल्यावर मोठ्या शहरातून आलेले एक पाहुणे त्याला म्हणाले, "वाजवतोस छान, पण हा आवाज नकली आहे. खरा आवाज व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा." मुलगा काही बोलला नाही, वायर गुंडाळत राहिला. शेजारी बसलेल्या बेंजोवाल्या चाचांनीही मान हलवली, "मशीन का क्या भरोसा, बेटा!"

एका मिनिटात पोराला दोन्हीकडून मार बसला. पाहुण्यांच्या लेखी तो पुरेसा विलायती नव्हता आणि चाचांच्या लेखी पुरेसा देशी नव्हता. मी तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे. संगीत जायज की नाजायज हा आपल्या घरातला जुना वाद आहे. तो मी इथं उघडत नाही. माझा मुद्दा वाजवणाऱ्यांपुरता आहे.

आधी ती पेटी काय आहे ते पाहू. आपल्याकडची मुलं तिला सरसकट 'प्रोसेसर' म्हणतात; नेमकं नाव ॲम्प मॉडेलर. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. ॲम्प्लिफायर तो मोठा करतो आणि त्याला रूपही देतो. व्हॉल्व्हवर ताण आला की लहरींचे माथे दबतात, आवाज जाड आणि खरखरीत होतो. रॉक संगीत या खरखरीवर उभं आहे. मॉडेलर हेच काम गणिताने करतो. रोलंडचा व्हीजी-८ १९९५ साली आला, लाइन ६ चा पॉड १९९८ साली, फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स २००६ साली, जर्मनीचा केम्पर २०११ साली. आता तर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एखाद्या ॲम्प्लिफायरमध्ये काय शिरलं आणि त्यातून काय बाहेर पडलं याची तुलना करून ते त्याचा स्वभाव शिकून घेतं.

पाहुण्यांचा 'खरा' आवाज कुठून आला? जिम मार्शल हा लंडनमधला ड्रम शिकवणारा आणि वाद्यांचं दुकान चालवणारा माणूस. १९६२ साली त्याच्या दुकानात जेटीएम ४५ हा पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला. त्याचं सर्किट अमेरिकेच्या फेंडर बेसमनवरून घेतलं होतं. म्हणजे सरळ नक्कल. पण भाग इंग्लंडात हाताशी होते ते वापरले आणि स्पीकर सेलेस्टियनचे लावले, म्हणून आवाज वेगळा निघाला. आज ज्याची शपथ घेतली जाते तो अस्सल आवाज एका नकलेच्या पोटातून जन्मला आहे.

चाचांनाही अदबीने एक गोष्ट सांगायची आहे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला आपला बेंजो, ज्याच्याशिवाय आपल्याकडच्या कव्वालीचं पान हलत नाही, त्याचं मूळ जपानचं. तायशोगोतो नावाचं ते वाद्य १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी बनवलं. नाव अमेरिकन, जन्म जपानी आणि वस्ती आमच्या मोहल्ल्यात. कुणाच्या तरी आज्याने हे यंत्र पहिल्यांदा बैठकीत आणलं असेल, तेव्हा सारंगीवाल्यांनी काय म्हटलं असेल याचा अंदाज करा.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर अमरावतीला चला. सुरेश भट १९३२ साली तिथे जन्मले. गझलेचा साचा अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि तिथून मराठीत आला. भटांनी तो साचा पाळला, नव्या कवींसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून त्याचे नियमही वाटले. त्यांची गझल नकली आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे? साचा दुसऱ्याचा होता, पण त्यात ओतलेलं दुःख त्यांचं स्वतःचं होतं.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा आरोप चांगला ओळखीचा आहे. "तुमचं मराठी किती छान आहे हो," हे कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्यातली गंमत अशी, की ते माझ्या शेजाऱ्याला कुणी ऐकवत नाही. इकडे मोहल्ल्यात विचारतात, "उर्दू छोड़ के मराठी में क्यों लिखते हो?" अस्सलपणाचं सर्टिफिकेट मागणाऱ्याला बहुधा समोरच्याचं काम ऐकायचं नसतं. त्याला दारावर उभं राहायचं असतं. म्हणून त्या मुलाचा अपमान मला माझा वाटला.

आता व्यवहाराचं बोलू. व्हॉल्व्हचा ५० वॅटचा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजातच रंगात येतो. अकोट फैलातल्या दोन खोल्यांच्या घरात तो कुठे लावायचा? एका भिंतीपलीकडे डाळ मिलमधून रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला, दुसऱ्या भिंतीपलीकडे बारावीची परीक्षा, गल्लीच्या तोंडाशी मशीद. सरकारी नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मॉडेलरला हेडफोन लावला की पोरगा रात्री दोन वाजताही रियाज करू शकतो आणि कुणाची झोप मोडत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये काय आहे हे वेगळं सांगायला नको.

मग वजन. अमरावती-अकोला एसटीत पंचवीस किलोचं धूड चढवून दाखवा. मग वऱ्हाडाचा उन्हाळा, ४५ अंशांच्या पुढचा, आणि मांडवातल्या जनरेटरची खालीवर होणारी वीज. आणि पैसा. नावाजलेले मॉडेलर लाख-दीड लाखाच्या घरात जातात हे खरं, पण दहा-पंधरा हजारांतही कामाची पेटी मिळते. तेवढ्यात मार्शलचं झाकणही येणार नाही.

"डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो," असंही सांगतात. चांगल्या पेटीत हा उशीर तीन-चार मिलिसेकंदांचा असतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. म्हणजे ॲम्प्लिफायरपासून मीटर-सव्वा मीटर लांब उभं राहिल्याइतका फरक. त्याची तक्रार करणारा माणूस स्टेजवर एक पाऊल मागे सरकला तर काय करतो?

पण मी पेटीचा वकील नाही. तिचे दोष खरे आहेत. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बिघडला तर जुना रेडिओ मेकॅनिक नकाशा समोर ठेवून तो उघडू शकतो, व्हॉल्व्ह काढून नवा बसवू शकतो. मॉडेलरच्या आत सारं एका पाटीवर बारीक झाळलेलं असतं. ती पाटी गेली की पेटी दूरच्या शहरात पाठवा आणि वाट बघा. कंपनीने नवं सॉफ्टवेअर देणं बंद केलं की धडधाकट पेटीही म्हातारी होते. दुसरा दोष पोरांचा आहे. दोनशे तयार आवाज हाताशी असले की पोरगा संध्याकाळभर बटणं फिरवतो आणि बोटं तशीच कच्ची राहतात. त्या मुलाला माझं हे सांगणं आहे. पेटीतले तीन आवाज निवड, बाकीचे विसर आणि वर्षभर तेवढ्यांवर घास.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. चाचांना राग या पेटीचा नाही, असं मला वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कीबोर्ड असावा. कीबोर्डवर 'बेंजो'चं बटण आलं, 'शहनाई'चं आलं, ढोलकचा ठेका पेन ड्राइव्हवर आला, ऑक्टोपॅड आला. लग्नात आणि संदलमध्ये जिथे सहा माणसं बसायची तिथे दोन उरली, आणि जिथे दोन होती तिथे डीजे आला. भाकरी गेली ती इथे. गिटारच्या मॉडेलरने वऱ्हाडात कुणाची भाकरी काढली नाही, कारण व्हॉल्व्हचे ते ॲम्प्लिफायर इथे कुणाकडे होतेच कुठे? या पेटीत तार छेडणारं बोट लागतंच. बोट चुकलं तर पेटी चूकच वाजवते. कीबोर्डचं बटण बेंजोवाल्यालाच उठवतं. दोन्हींना 'मशीन' म्हणून एका काठीने हाणलं की खरा गुन्हेगार सुटतो.

म्हणून कुठल्याही नव्या यंत्राला मी दोन प्रश्न विचारतो. पहिला, वाजवणारा हात यात उरतो का? मॉडेलर या प्रश्नात पास होतो. दुसरा, यात आवाज कुणाचा साठवला आहे? इथे तो सपशेल नापास. यादी उघडा, बहुतेक सगळे इंग्लंडचे आणि अमेरिकेचे ॲम्प्लिफायर. वऱ्हाडाने विजेचा आवाज ऐकला तो त्यांच्यातून नाही. उर्सात, शामियान्यात, गणपतीच्या मांडवात, तुकडोजी महाराजांच्या भजनाच्या कार्यक्रमात आपण ऐकला तो आहुजाच्या ॲम्प्लिफायरमधून आणि वर टांगलेल्या भोंग्यातून. पिकअप लावलेला बेंजो त्या भोंग्यातून जसा चरचरत, चावत यायचा, तो आमचा मार्शल. तो कुणीही साठवलेला नाही.

साठवायला आता परदेशी कंपनीची वाट पाहायची गरज नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे. अमरावतीत इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, संगणक आहेत, पोरं आहेत. मंडपवाल्यांच्या गोदामात जुने ॲम्प्लिफायर आणि भोंगे अजून धूळ खात पडले असतील. ते भंगारात जाण्याआधी एका सुट्टीत हे काम होऊ शकतं.

त्यासाठी त्या मुलाने आपली पेटी घेऊन बेंजोवाल्या चाचांकडे जावं. शागिर्द म्हणून खाली बसावं, बेंजोची वायर पेटीत लावून द्यावी आणि म्हणावं, "चाचा, आप बजाइए." चाचांनीही एकदा मशीनवरचा राग बाजूला ठेवून वाजवावं. शहरातले पाहुणे पुढच्या लग्नाला येतील तेव्हा आवाज असली की नकली हे त्यांनी खुशाल ठरवावं. आधी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकावा, एवढीच अट.