कर्त्या मुलीचा थकवा

आपल्या समाजात त्यागाचे कौतुक फार; त्यागाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. प्रत्येक घरात एक व्यक्ती अशी असते, की जिच्याकडे सर्वांनी मागावे आणि जिने कोणाकडे काही मागू नये. बहुधा ती आई असते. आई अंथरुणाला खिळली किंवा वडिलांची नोकरी गेली, की थोरली मुलगी. लोक तिला 'सोशीक', 'गुणाची' म्हणतात. पण साऱ्या खारी गावाने एकदा गुणाची ठरवलेल्या मुलीने "मी थकले" म्हणायचे तरी कसे? गौरवानेच तिचे तोंड बंद होते.

मराठी साहित्याला हा प्रश्न नवा नाही. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि केवढी खळबळ उडाली! ती लेखिका म्हणजे पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या विदुषी. त्या संग्रहातील 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचे शीर्षकच मिळवत्या मुलीची सारी व्यथा सांगून जाते. १९९० साली शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी आली. आईवडील आणि बहिणी यांचा भार वाहता वाहता थोरली रीटा मनाने कोसळते; तिला रुग्णालयात ठेवावे लागते. मध्ये ५७ वर्षे गेली. देश स्वतंत्र झाला, मुली पदवीधर झाल्या. ओझे मात्र त्याच खांद्यावर राहिले.

आणि आज? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआऊट'ची व्याख्या केली, तीही नोकरीधंद्यापुरतीच. कचेरीत थकलेल्याच्या थकव्याला नाव मिळाले. ओट्यापाशी थकलेलीच्या थकव्याला नाही. मग सकाळचे डबे भरून खारीतून भाईंदर स्टेशन गाठणाऱ्या आणि रात्री परतून पुन्हा कुकर लावणाऱ्या बाईला कोणत्या रकान्यात घालायचे?

कोणी म्हणेल, अशाने घरे मोडतील. माया का मोजूनमापून करायची? माया मोजू नये, पण कामे जरूर वाटून घ्यावीत. आपल्या भाईंदरच्या मिठागरांत खाडीचे पाणी आत घेतात. मग वाट बंद करून ते उन्हात निवांत राहू देतात, तेव्हा कोठे मीठ धरते. भरती सदोदित आत येत राहिली तर मीठ कसे धरायचे? बांध घातला म्हणून कोणी समुद्राशी वैर धरले असे होत नाही.

मात्र मुलींना "नाही म्हणायला शिका" एवढा उपदेश करून भागणार नाही. त्याने आणखी एक काम तिच्याच गळ्यात पडते. शिकायचे आहे ते मागणाऱ्यांनी. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्या घरात मुलाला चहा जागेवर मिळतो आणि मुलीला तो करावा लागतो, त्या घरातील विद्यार्थिमित्रांना माझे सांगणे आहे : मातृप्रेमावर निबंध आपण शाळेत पुष्कळ लिहिले. आता उठावे आणि निदान आपले ताट तरी आपण घासावे.