आपल्या गाण्याला आपले मत

युरोपातली राष्ट्रे दरवर्षी एक गाण्यांची स्पर्धा भरवतात. युरोव्हिजन तिचे नाव. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी ती सुरू झाली, तेव्हा अवघे सात देश होते. पुढे हे बिऱ्हाड इतके वाढले की २०१५ साली युरोपशी शेजारसंबंध नसलेला ऑस्ट्रेलियाही पंगतीला येऊन बसला. एका देशाने एक गाणे पाठवायचे, बाकीच्यांनी गुण द्यायचे. पहिल्या पसंतीला बारा. मात्र एक नियम कडक आहे. आपल्या देशाच्या गाण्याला आपण मत द्यायचे नाही!

गाणे आपल्याच भाषेत असावे हा नियमही मध्यंतरी बरीच वर्षे होता. १९९९ पासून तो गेला. मग २००३ साली रीगा येथे बेल्जियमने गंमत केली. त्यांचे ‘सानोमी’ हे गाणे चक्क कुठेच नसलेल्या भाषेत होते. जिला व्याकरण नाही, शब्दकोश नाही, परीक्षा तर नाहीच नाही, अशा त्या भाषेने १६५ गुण मिळवले. पहिल्या आलेल्या तुर्कस्तानला १६७. जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा झोंबायचेच!

पण नसलेल्या भाषेचे एवढे चालते, तर नसलेल्या देशाचे का चालू नये? आमचे नगर (आता अहिल्यानगर) एके काळी स्वतंत्र राज्य होतेच की. १४९० ते १६३६ इथे निजामशाही नांदली. समजा, ती टिकली असती आणि ऑस्ट्रेलियासारखे आम्हालाही बोलावणे आले असते, तर नगर देशाने कोणते गाणे पाठवले असते? गेल्या वर्षी हा प्रश्न मी वर्गात टाकला.

मनात म्हटले, उमेदवार काय थोडे आहेत? नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, १२९० साली. संगमनेरचा अनंत फंदी लावण्या, पोवाडे आणि फटके रचून गेला. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी कानउघाडणी केली म्हणून तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. रेव्हरंड टिळकांनी नगरात राहून ख्रिस्ताची भजने लिहिली, ती तुकोबांच्या वळणाची. एवढे घरात असताना वर्गाने एकमुखाने निवडले काय, तर वरातीत डीजेवर वाजणारे एक हिंदी गाणे! मी हसलो. त्यांचेही खरेच होते. कानावर दुसरे पडले कधी?

तास सुटल्यावर पाथर्डीकडची एक मुलगी मागे रेंगाळली.

“सर, आमची आजी जात्यावर म्हणायची, ते चाललं असतं का? पण ते काही गाणं नाही म्हणा.”

“म्हणून तर दाखव.”

तिने दाराकडे एकदा पाहिले आणि हळू आवाजात दोन ओळी म्हटल्या. बहिणीने भावाची वाट पाहण्याच्या. तिसऱ्या ओळीला अडली.

“पुढे?”

“पुढचं आजीला यायचं, सर. आजी गेली.”

मला एकदम जमाला आठवली. २०१६ साली स्टॉकहोमला युक्रेनच्या या गायिकेने युरोव्हिजन जिंकली, ती ‘१९४४’ नावाच्या गाण्याने. त्या साली स्टालिनने क्रिमियातल्या तातार लोकांना घरादारांतून उपटून दूर मध्य आशियात पाठवले. त्यांत जमालाची पणजी होती. गाणे पुष्कळसे इंग्रजीत आहे, पण त्याचे ध्रुपद तातार भाषेत; आणि ते ज्या लोकगीतावरून आले, ते तिने पणजीकडूनच ऐकलेले. तातारांचे राज्य नकाशावरून केव्हाच पुसले गेले होते, आमच्या निजामशाहीसारखे. गाणे मात्र उरले, कारण पणजीने म्हटले आणि पणतीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

आमच्याकडे कोणी कोणाला मालगाडीत कोंबले नाही. पिठाची गिरणी आली, जाते अंगणात पालथे पडले, आणि ओवी आपली आपणच गप्प झाली. मतदानाचा तो युरोपीय नियम आम्ही, कोणी सांगितलेले नसताना, बारा महिने घरात पाळतो आहोत. आपल्या गाण्याला आपले मत नाही!

आणि गंमत पाहा, गाण्याचा आंतरराष्ट्रीय मेळा आमच्याच जिल्ह्यात भरतो. शहराजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, त्या मेहेरबाबांची तिथे समाधी आहे. ३१ जानेवारीला देशोदेशींची माणसे तिथे जमतात आणि ज्याच्या त्याच्या भाषेत गातात. गुण कोणी देत नाही, त्यामुळे कोणी अडखळले तरी लाजत नाही.

यंदा दिवाळीला घरोघरी मंडळी जमतील. भाऊबीजेला ताटाभोवती बसलेल्यांत एखादी आजी, आत्या, मावशी असेलच. फराळ झाला की तिला एक ओवी म्हणायला सांगा. ती आधी “इश्श, मला कुठं येतंय” म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. ती म्हणू लागली की मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. आणि तिसऱ्या ओळीच्या आधी कोणाला उठू देऊ नका.